चिंता हा गुन्हा कधी झाला?

बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या ख्रिस्ती घरांत हल्ली एक विचार वारंवार कानावर येतो. उपवास-प्रार्थनेत येतो, साक्षींमध्ये येतो, मोबाइलवर फिरणाऱ्या अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत तर हमखास येतो. ज्याला चिंता वाटते त्याचा विश्वास कच्चा, असे तो सांगतो. ऐकणारे कोण असतात? पोलीस भरतीत पुन्हा गुण कमी पडलेला मुलगा, उसाच्या बिलाची वाट पाहत सोसायटीचे हप्ते मोजणारा शेतकरी, एमआयडीसीत कंत्राटी कामावर असलेला माणूस, बाळंतपणानंतर उगाचच रडू फुटणारी सून. मध्यरात्री जाग आल्यावर तेच ते विचार उगाळत पडणाऱ्या या माणसांसमोर मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय उघडला जातो, आकाशातल्या पाखरांकडे बोट दाखवले जाते आणि विचारले जाते, तू का घाबरतोस? काही ठिकाणी याच्याही पुढे मजल जाते. डॉक्टरांच्या गोळ्या सुरू ठेवणे म्हणजे देवावर भरवसा नसणे, असे सांगितले जाते.

ख्रिस्तावरच्या विश्वासात शांती मिळते, हे मी मनापासून मानतो. मानतो म्हणूनच हे बोलणे मला सहन होत नाही. येशूने दिलेल्या दिलाशाचा इथे हुकूम झाला आहे, आणि हुकूम पाळता न येणाऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. कर्ज, परीक्षा, आजारपण यांनी वाकलेल्या माणसाला आता आणखी एक काळजी मिळते, आपण देवाच्या दारातही नापास झालो ही. हे शिकवणारे बहुतेक जण वाईट हेतूने शिकवत नाहीत. त्यांना वाटते, आपल्या पूर्वजांचा विश्वास असाच होता. तो असा नव्हता. मराठी ख्रिस्ती माणसाने शांतीचा शोध कसा घेतला याचा इतिहास आपल्या अंगणात, पुणे जिल्ह्यातच घडलेला आहे, आणि त्यातले सगळ्यांत महत्त्वाचे वळण आपण आज नेमके उलटे वाचतो आहोत.

आधी त्या अध्यायाबद्दल, कारण तो अर्धाच वाचला जातो. डोंगरावरच्या प्रवचनातले ते शब्द पोटभर जेवलेल्यांसाठी नव्हते. ऐकणारे गालीलातले कोळी, मजूर, कर भरून मोडलेले शेतकरी होते. उद्या काय खायचे हा त्यांचा खरा प्रश्न होता, आणि येशूने तो खोटा ठरवला नाही. त्याच अध्यायात थोडे आधी त्याने त्यांना रोजची भाकर मागायला शिकवले, तीही स्वतःपुरती नव्हे, सगळ्यांसाठी मिळून. चिंतेवरच्या त्या भागाचा शेवट तर दर दिवसाला त्याची त्याची पीडा असतेच, अशा कबुलीने होतो. त्याच्या आधी देवाचे राज्य आणि त्याची नीती शोधण्याची आज्ञा आहे, म्हणजे ज्याच्याकडे भाकर नाही त्याच्यापर्यंत ती पोचेल अशी व्यवस्था शोधण्याची. बोलणारा स्वतः पुढे गेथशेमाने बागेत मरणप्राय व्याकूळ झाला आणि तीन मित्रांना म्हणाला, माझ्याबरोबर जागे राहा.

पाखरांचेच बोलायचे तर इंदापूर तालुक्यातल्या माणसाला ती लांब शोधायला नकोत. उजनीच्या फुगवट्यावर, भिगवण-कुंभारगावच्या उथळ पाण्यात दर वर्षी रोहित पक्षी उतरतात. त्यांच्याकडे ना पेरणी, ना कणगी. पण तासन्‌तास चोच चिखलात घालून ते अन्न गाळत असतात. पाणी ओसरून दलदल उघडी पडली तरच त्यांना ते मिळते. पाणी चढलेलेच राहिले तर ते उशिरा येतात, थोडे येतात. १९८० साली पूर्ण झालेल्या त्या धरणातले पाणी किती सोडायचे हे माणसे ठरवतात. देव पाखरांना पोसतो यावर माझा विश्वास आहे. त्या पोसण्यात पाखराच्या कष्टाला जागा आहे आणि माणसांच्या निर्णयांनाही.

बायबलमधली बाकीची साक्षही अशीच आहे. एलीया जीव नकोसा होऊन झुडपाखाली झोपला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिले, पुन्हा झोपू दिले. स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रे ही तक्रार आहे, आणि अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते. फिलिप्पैच्या मंडळीला कशाचीही काळजी करू नका असे तुरुंगातून लिहिणाऱ्या पौलानेच करिंथकरांना कळवले की सगळ्या मंडळ्यांची काळजी मला रोज ग्रासते. पौलाला यात विसंगती दिसली नाही.

पुढची शतके वाचकांच्या परिचयाची आहेत. मनात घुसणाऱ्या विचारांशी झुंजणारे मिसरच्या वाळवंटातले तपस्वी, देवात विसावेपर्यंत अस्वस्थच राहणाऱ्या हृदयाची गोष्ट सांगणारा ऑगस्टीन, अपराधभावाने रात्ररात्र पोळलेला आणि खिन्न माणसांना एकटे बसू नका, खा, चारचौघांत मिसळा असे सांगणारा ल्यूथर, १८४४ मध्ये चिंतेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिणारा कीर्केगार. यांच्यापैकी कोणीही चिंताग्रस्त माणसाला मंडळीबाहेर उभे केलेले नाही. त्यांतले बरेच जण स्वतःच त्या रांगेत होते.

मराठी मुलखात अस्वस्थतेला जागा देणारा हा ख्रिस्ती विचार एकोणिसाव्या शतकात रुजला, तेव्हा त्याच्या मुळाशी एक विलक्षण अस्वस्थ माणूस होता. नीळकंठशास्त्री गोरे १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाले. षड्दर्शनांची चिकित्सा करणारा हा पंडित वादात भल्याभल्यांना निरुत्तर करी, पण स्वतःच्या शंकांना मात्र त्यांना अखेरपर्यंत निरुत्तर करता आले नाही. बाप्तिस्म्याने त्या शमल्या नाहीत, पंथ बदलल्यानेही शमल्या नाहीत. १८९५ मध्ये देह ठेवेपर्यंत ते स्वतःला तपासत, पोखरत राहिले. आजच्या तरुणांच्या भाषेत याला ओव्हरथिंकिंग म्हणतील. तरी त्यांच्या काळाने त्यांना अविश्वासू म्हटले नाही, संतवृत्तीचा माणूस म्हटले. आणि इंग्लंडमध्ये ख्रिस्ती होण्याच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या पंडिता रमाबाईंना ज्याच्या लेखनाने निर्णायक आधार दिला, तो माणूस हाच.

रमाबाईंपाशी मला थांबायचे आहे, कारण आजचे प्रवचन सर्वांत जास्त त्यांच्याच नावावर चालते. दौंड तालुक्यातले केडगाव आम्हा बारामतीकरांना घरचेच. तिथल्या रमाबाईंच्या मुक्ती मिशनचे नाव इथल्या ख्रिस्ती माणसाने लहानपणापासून ऐकलेले असते. व्यासपीठावरून सांगितली जाणारी त्यांची गोष्ट तीन पायऱ्यांची आहे. १८८३ मध्ये त्यांनी वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला, पण मनाला शांती नव्हती. मग १८९१ च्या सुमारास त्यांना खरा ख्रिस्त भेटला आणि सगळ्या चिंता गळून पडल्या. पुढे १९०५ मध्ये केडगावला पवित्र आत्म्याचे संजीवन झाले आणि आनंदाला पारावार राहिला नाही. गोष्टीचे तात्पर्य असे : तुलाही तो अनुभव आला की तुझी चिंता जाईल, गेली नसेल तर अनुभव खरा नाही. यातले सगळे टप्पे खरे आहेत. काढलेला अर्थ मात्र खोटा आहे.

मधल्या आठ वर्षांकडे आधी पाहू. ती वाया गेलेली वर्षे म्हणून सांगितली जातात, जणू रमाबाई उगाच डोके चालवत बसल्या होत्या. त्या काळातली त्यांची पत्रे १९७७ मध्ये ग्रंथरूपाने आली आहेत. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्याशी त्या त्रैक्यावर, धर्ममतांवर, चर्चच्या अधिकारावर भांडल्या. आपल्या विवेकाला न पटलेली गोष्ट केवळ वडीलधाऱ्यांनी सांगितली म्हणून त्या मानायला तयार नव्हत्या. जेराल्डीनबाईंना हा उद्धटपणा वाटला. पण १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील, बहीण यांना उपाशी मरताना पाहिलेली, १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये नवरा गमावलेली, लहानग्या लेकीला, मनोरमेला घेऊन परक्या देशात राहिलेली आणि ऐकू कमी येते म्हणून वैद्यकीय शिक्षणाचे दार बंद झालेली ही बाई देवाला प्रश्न विचारणार नाही तर कोण विचारणार? ते प्रश्न हा आजार नव्हता. त्या प्रश्नांनीच त्यांना उसन्या उत्तरांवर टिकू दिले नाही.

आणि १८९१ मध्ये नेमके बदलले काय? रमाबाईंनी १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत ते स्पष्ट केले आहे. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. धर्म पाळून, नियम सांभाळून, पुरेसे चांगले होऊन देवाजवळ जायचे, असे त्या समजत होत्या. कुठल्याही पात्रतेशिवाय, आहोत तशा आपण स्वीकारल्या गेलो आहोत, हे त्यांना उमगले. म्हणजे एक चिंता खरोखरच संपली. मी पुरेशी आहे का, देव मला आपली म्हणेल का, ही ती चिंता. आपल्यापैकी अनेकांच्या अतिविचाराच्या तळाशी हीच असते, आणि ख्रिस्ती विश्वासाची शांती सर्वांत आधी तिलाच भिडते. रमाबाईंची ती शांती मी कमी लेखत नाही. माझ्या मते त्यांचे पुढचे सारे आयुष्य तिच्यावर उभे आहे.

पण पुढचे आयुष्य पाहा. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले आणि पुढच्या वर्षी पुण्यात आलेले त्यांचे मुलींसाठीचे शारदासदन १८९३ मध्ये वादळात सापडले. मुलींना ख्रिस्ती केले जाते असा आरोप झाला, रानडे-भांडारकरांसारख्यांनी सल्लागार मंडळ सोडले, पालकांनी मुली काढून नेल्या. हे सगळे अनुभवाच्या नंतरचे आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून शेकडो मुली आणल्या. आपल्या तरुणपणीच्या उपासमारीची आठवण आपल्याला स्वस्थ बसू देत नव्हती, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. चिंता विसरलेल्या बाईचे हे बोलणे नाही. आपल्या जुन्या भीतीला त्यांनी दुसऱ्यांच्या भाकरीच्या कामाला लावले.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला. प्लेगच्या सरकारी व्यवस्थेत बायकांचे, त्यांच्या संस्थेतल्या मुलीचे काय झाले याबद्दल रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती पत्रात जाहीर जाब विचारला. प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले, गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले. ज्या काळात लोकमान्य टिळकांसारख्यांनाही सरकारविरुद्ध लिहिण्याची किंमत मोजावी लागली, त्या काळात ही एकटी बाई सरकारच्या डोळ्याला डोळा देत होती. शांती लाभली म्हणजे माणूस गप्प होतो, असे शिकवणाऱ्यांनी हे पान पुन्हा वाचावे.

मग केडगाव. माळरानावरची शंभर एकर जमीन, विहिरी, फळबाग, हातमाग, तेलघाणा, छापखाना, शाळा. १९०० च्या आसपास तिथे जवळजवळ दोन हजार बायका-मुले राहत होती. इतक्या तोंडांना दोन वेळचे अन्न घालायचे म्हणजे किती धान्य, किती सरपण, किती पाणी, याचा हिशेब कोणाला तरी रोज करावा लागत होता. रमाबाईंनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरचा आदर्श ठेवला होता. कोणापुढे हात पसरायचा नाही, देवाला मागायचे. हाच दाखला आज निष्काळजीपणासाठी दिला जातो. पण त्यांनी प्रार्थना केली आणि विहिरीही खणल्या; 'मुक्ती प्रेअर बेल' या पत्रकातून संस्थेत काय चालले आहे हे दूरच्या मित्रांना कळवले; मुलींच्या हाताला धंदा दिला. ज्या गोष्टी माणसाच्या हातात आहेत त्या त्यांनी देवावर ढकलल्या नाहीत. जे हातात नाही, म्हणजे उद्या पाऊस पडेल का, पैसे येतील का, ही मुलगी जगेल का, ते मात्र त्यांनी आपल्या छातीवर घेऊन झोपायचे नाकारले. माझ्या समजुतीप्रमाणे त्यांची शांती या दोन गोष्टींमधल्या रेषेवर राहत होती. ती रेष ओळखण्याचे शिक्षण हाच त्यांचा वारसा आहे.

१९०५ च्या संजीवनाची कथाही अशीच कापून सांगितली जाते. आनंदाचे नाच-गाणे तेवढे उरते, आधीचे रडणे वगळले जाते. जून १९०५ मध्ये केडगावला जे घडले त्यात प्रचंड आकांत होता. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत होत्या, आपली पापे, आपली दुःखे बोलत होत्या, हमसून हमसून रडत होत्या. या मुली कोण होत्या? बालविधवा, दुष्काळात रस्त्यावर टाकलेल्या, विकल्या गेलेल्या, ज्यांना आयुष्यात कोणी तुला काय होते असे विचारलेले नव्हते त्या. त्यांना देवासमोर आणि एकमेकींसमोर आवाज मिळाला. तोही कुठे, तर जेवण, अंथरूण आणि उद्याचे काम ठरलेले असलेल्या छताखाली. आनंद त्यानंतर आला. आज आपण तशा मुलींना छतही देत नाही आणि रडूही देत नाही. थेट आनंद मागतो.

शेवटची गोष्ट. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई चाळिशीत वारल्या. एकुलती एक मुलगी, संस्थेची पुढची धनीण. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. मधल्या महिन्यांत मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत केलेल्या बायबलच्या भाषांतराचे काम चालूच होते. तो ग्रंथ त्यांच्या मागे, १९२४ मध्ये बाहेर आला. मुलगी गेल्यावर त्यांना दुःख झाले नसेल, असे म्हणण्याची कोणाची हिंमत आहे? ते दुःख अविश्वासाचे होते का?

रमाबाईंच्याच काळात नगरकडे दुसरे एक घर याच प्रश्नाशी झगडत होते. नारायण वामन टिळकांच्या हाती १८९३ च्या सुमारास आगगाडीच्या प्रवासात बायबल पडले आणि त्यांना धरून ठेवले ते डोंगरावरच्या प्रवचनानेच, ज्यात चिंतेवरचा तो भाग आहे. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. उद्याची फिकीर न करण्याची शिकवण टिळक अक्षरशः जगले. हाती आलेले देऊन टाकावे, घरात कोणालाही आणावे, नोकरीवर पाणी सोडावे. पण 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला ठाऊक आहे की टिळकांच्या निश्चिंतीचा भार रोज लक्ष्मीबाईंनी उचलला. नवरा धर्म बदलून गेला तेव्हा त्या पंढरपूर, नाशिक अशा गावी नातलगांच्या आधाराने काही वर्षे राहिल्या. त्या काळातली आपल्या मनाची दुर्दशा त्यांनी लपवलेली नाही. १९०० मध्ये त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या, त्याही कोणाच्या दडपणाने नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नावर स्वतःशी विचार करून करून त्या तिथे पोचल्या. आणि त्यानंतरही घरखर्चाची, मुलांची, नवऱ्याच्या लहरींची काळजी त्यांच्या पुस्तकाच्या पानापानांवर आहे. ती मोकळेपणाने, हसत सांगितलेली आहे, आणि म्हणूनच ते पुस्तक वाचून मन हलके होते. लक्ष्मीबाईंचा विश्वास टिळकांपेक्षा कमी होता, असे मी तरी म्हणणार नाही. ज्या घरात एक जण बेफिकीर असतो त्या घरात कोणीतरी दुप्पट काळजी करत असतो, हे आजच्या निश्चिंत प्रवचनकारांनी लक्षात ठेवावे.

तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत. दर आषाढीला तुकोबांची पालखी बारामती, काटेवाडी, निमगाव केतकी, इंदापूर असा रस्ता धरते, तेव्हा मला त्यांचे हे म्हणणे आठवते. दुष्काळात घर आणि धंदा दोन्ही उद्ध्वस्त झालेल्या तुकोबांनी आपली तळमळ विठ्ठलापासून लपवली नाही, त्याच्याशी भांडले. बारामतीच्या मोरोपंतांनी उतारवयात देवाला घातलेल्या आर्त हाकांना मोराच्या केकांचे नाव दिले. या मातीत देवाजवळ व्याकूळ होणे ही भक्ती समजली गेली आहे. या मातीतल्या ख्रिस्ती माणसाला व्याकुळतेची लाज शिकवली जाते, ही बाहेरून आलेली सवय आहे.

बारामतीतल्या मिशननेही ती शिकवली नव्हती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ऑस्ट्रेलियाच्या चर्चेस ऑफ ख्राइस्टचे मिशनरी या भागात काम करत होते. साठच्या दशकाच्या अखेरीस पाऊस दगा देत होता आणि निरेच्या कालव्यापासून लांब असलेल्या जिरायती गावांत प्यायलाही पाणी नव्हते. तेव्हा चर्चच्या 'कासा' या मदतसंस्थेकडून आलेल्या धान्यावर, कामाच्या बदल्यात धान्य देऊन, पाझर तलाव खोदले गेले. अप्पासाहेब पवारांच्या पुढाकाराने १९७१ मध्ये उभ्या राहिलेल्या कृषी विकास प्रतिष्ठानची मुळे त्या कामात आहेत. उद्या काय खायचे या चिंतेला त्या लोकांनी दिलेले उत्तर घमेल्यातून वाहिलेल्या मातीत आहे. तलाव खोदणाऱ्यांत ख्रिस्ती थोडे होते, बाकीचे सगळे गाव होते. डोंगरावरच्या प्रवचनाचा याहून सरळ अर्थ मला माहीत नाही.

मग चिंता हा गुन्हा कधी झाला? माझ्या मते गेल्या तीन-चार दशकांत, मोठ्या मेळाव्यांचे, टीव्हीवरच्या प्रचारकांचे आणि आता मोबाइलवरच्या प्रवचनांचे दिवस आले तेव्हा. त्यात विश्वास हे फळ मिळवण्याचे साधन झाले. पुरेसा विश्वास टाकला की नोकरी, मूल, आरोग्य, शांत झोप मिळणार. आणि फळ मिळाले नाही तर साधन सदोष असू शकत नाही, म्हणून दोष वापरणाऱ्याचा. ही शिकवण १८९१ च्या आधीच्या रमाबाईंची आहे, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. पुरेसे चांगले व्हा म्हणजे देव तुम्हाला घेईल, असे त्या तेव्हा मानत होत्या. पुरेसा भरवसा ठेवा म्हणजे देव तुम्हाला शांती देईल, असे आपण आज मानतो. ज्या ओझ्यातून त्या सुटल्या तेच ओझे त्यांच्या नावाने लोकांच्या खांद्यावर ठेवले जात आहे.

या सभांना लोक का जातात, हेही समजून घ्यायला हवे. तिथे कोणीतरी नाव घेऊन विचारते, डोक्यावर हात ठेवते, रात्री फोन उचलते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्यांतल्या प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी मानसिक आजार असल्याचे दिसले, आणि त्यांतल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचले नव्हते. तालुक्याच्या गावात मनाचा डॉक्टर शोधणे सोपे नाही. सापडला तर लोक काय म्हणतील ही भीती आहेच. अशा वेळी प्रार्थना करणारी बाई शेजारीच असते. प्रार्थनेने छातीतली धडधड उतरते, एकटेपण ओसरते, हे मी पाहिले आहे आणि त्याची किंमत मला कळते. म्हणून प्रार्थनासभा बंद करा असे मी म्हणत नाही. तिने आपल्या पूर्वजांइतके मोठे व्हावे, एवढे म्हणतो.

ज्या मिशनांचा वारसा आपण सांगतो त्यांनी १८९४ पासून मिरजेत रुग्णालय चालवले, पुढे कुष्ठरोग्यांची शुश्रूषा केली. गोळी आणि प्रार्थना यांत निवड करायला त्यांनी कधी कोणाला सांगितले नाही. मग मनाच्या आजारालाच वेगळा न्याय का? रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या पाळकाने झोपेची, नैराश्याची गोळी घेणाऱ्याला अविश्वासू म्हणू नये. ती गोळी सुरू ठेवायची की बंद करायची, हे फक्त डॉक्टर सांगेल. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मिळते. हा क्रमांक उपासनेनंतरच्या सूचनांमध्ये वाचून दाखवायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

त्याहून अवघड काम पुढचे आहे. कोणी येऊन मला चिंता वाटते म्हणाला की मंडळीने पहिला प्रश्न विश्वासाचा विचारू नये. कशाची वाटते, हा विचारावा. उत्तर आत्म्याचे असेल, आपण देवाला नको आहोत असे त्याला वाटत असेल, तर रमाबाईंना जे उमगले ते त्याला सांगावे. तुझ्या पात्रतेवर काहीच अवलंबून नाही, हे सांगावे आणि तसे वागूनही दाखवावे. उत्तर शरीर-मनाच्या आजाराचे असेल तर त्याला घेऊन पुण्याला जावे, बाहेरच्या बाकावर त्याच्याबरोबर बसावे. आणि उत्तर भाकरीचे असेल, फी भरायची आहे, हप्ता थकला आहे, नवरा मारतो असे असेल, तर मंडळीने आपल्या पेटीकडे, ओळखींकडे आणि वेळेकडे पाहावे. तिन्ही ठिकाणी प्रार्थना हवी. तिन्ही ठिकाणी ती पहिले पाऊल असेल, शेवटचे नाही.

ख्रिस्ती विश्वासाने चिंता नाहीशी होते, असे वचन कोणी देऊ नये. येशूने ते दिलेले नाही. त्याने दिले ते असे की देवाने तुला आधीच आपला म्हटले आहे, आणि तुझा भार तुला एकट्याने वाहायचा नाही. यातला पहिला अर्धा भाग देवाने पुरा केला आहे. दुसरा पुरा करण्याची जबाबदारी त्याने आपल्या मंडळीवर टाकली आहे, आणि तिने ती उचलली नाही तर झोप उडालेल्या माणसाला दोष देण्याचा तिला काहीही अधिकार नाही.